पायांना सोपं, तोंडाला अवघड

पनवेलला सहसा कुणी येत नाही, पनवेलवरून सगळे जातात. कोकणात निघालेला इथे गाडी बदलतो, पुण्याला निघालेला इथे चहा घेतो, अलिबागवाला इथे उगाच घाई करतो आणि हार्बर लाइनवर डोळा लागलेल्या माणसाला शेवटचं स्टेशन म्हणून इथे उतरावंच लागतं. पक्ष्यांचंही तेच. लडाखकडचे कुरव, कच्छकडचे फ्लेमिंगो, हिमालयापलीकडची बदकं आणि तुतवार थंडीत आमच्या आजूबाजूच्या खाड्यांवर उतरतात, चिखलात चोची घालून काही महिने पोट भरतात आणि पावसाच्या आत निघून जातात. इतक्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे नुसतं बघत राहायची सवय आम्हा पनवेलकरांच्या रक्तात असायला हवी होती. ती नाही. आम्हाला चालता येतं, बोलता येतं, चालता चालता तर फारच बोलता येतं. एका जागी गप्प उभं राहणं तेवढं कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या भागात निसर्ग म्हटला की पहिलं नाव कर्नाळ्याचं. पनवेलपासून मुंबई-गोवा रस्त्याने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला तो सुळका दिसतो. १९६८ साली तिथे पक्षी अभयारण्य झालं, तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरांपेक्षाही लहान होतं. आता बारा चौरस किलोमीटरांच्या वर आहे. आत मोरटाका आणि हरियाल नावाच्या दोन पायवाटा आहेत, स्वर्गीय नर्तक आहे, भृंगराज आहे, आणि नशीब असेल तर शीळ घालणारा कस्तूर. तरुणपणी प्रत्येक पनवेलकर सुळका बघून म्हणतो, "एकदा वर जायचं." चाळिशीत म्हणतो, "एकदा गेलो होतो." साठीनंतर तो गाडीची काच खाली करून नातवाला बोटाने सुळका दाखवतो आणि काच वर करतो, कारण एसी चालू असतो. वासुदेव बळवंत फडके इथल्याच शिरढोणचे, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. आमच्या भटकंतीच्या ग्रुपने बंड केलं ते चढाविरुद्ध.

ग्रुपचं धोरण पहिल्याच दिवशी ठरलं. वाट सपाट हवी. पाण्याकाठची असली तर उत्तम, म्हणजे फोटोत मागे काहीतरी येतं. काटे नकोत, जळवा नकोत, स्वच्छतागृह हवं, परतीच्या टोकाला चहा हवा. उन्हाचं कसं करायचं, यावर बराच वेळ चर्चा झाली. सगळं ठरल्यावर कुणीतरी विचारलं, "आणि बघायचं काय?" तेव्हा पक्षी हा विषय निघाला.

सरावासाठी वडाळे तलाव होताच. पनवेलला तळ्यांची ददात कधीच नव्हती. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी एका घरातल्या भावंडांसारखी त्यांची नावं, आणि त्यांच्यात एक इस्रायल तलाव. नवा माणूस हे नाव ऐकून दचकतो. पण बेने इस्रायल समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं, म्हणजे आमच्या नगरपालिकेहूनही तीन वर्षांनी थोरलं.

वडाळे तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक घड्याळाच्या दिशेने जाणारा, दुसरा उलट. कोण बरोबर, याचा निकाल लागलेला नाही. दोन्ही बाजूंकडे डॉक्टर आहेत. समोरासमोरून चालायचं म्हणजे प्रत्येक फेरीत तीच माणसं दोनदा भेटतात. पहिल्या भेटीत हात जोडून नमस्कार, दुसऱ्या वेळी नुसती मान, तिसऱ्या वेळी भुवया, आणि त्यानंतर दोघंही एकदम तळ्याकडे बघू लागतात. तलावातले पक्षी जर कुणी पाहिले असतील, तर ते या चौथ्या भेटीत. एका काकांच्या खिशातल्या मोबाइलवर अभंग चालू असतो, दुसऱ्यांच्या खिशात शेअर बाजार, आणि दोघं शेजारून गेले की विठ्ठल आणि निफ्टी यांची क्षणभर गाठ पडते. बाकी सगळ्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. त्याचा धाक असा की कुणी थांबत नाही. थांबलं की पावलं मोजली जात नाहीत, आणि मोजली गेली नाहीत ती पावलं टाकून काय उपयोग?

या सगळ्यांच्या पायाशी, कठड्याखाली, एक वंचक उभा असतो. मातकट रंग, मान खांद्यात ओढलेली, चोच पाण्याच्या रोखाने. पाण्यात काही हललं की मान एकदम लांब होते, टोक पाण्यात जाऊन येतं आणि मान पुन्हा आखूड. इतकंच काम. उडाला तर त्या मातकट अंगातून एकदम दोन पांढरेशुभ्र पंख निघतात, आणि मग नेहमीचे फेरीवाले म्हणतात, "अरे, बगळा कुठून आला?" तो आलेला नसतो, पहाटेपासून तिथेच असतो. पलीकडे खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला असतो, वरच्या तारेवर खंड्या. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांनी या तलावाला मारलेल्या फेऱ्या एका सरळ रेषेत मांडल्या तर ते नागपूरला पोहोचले असते. त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं, "इथे पक्षी येतात का हो कधी?"

तर ग्रुपने ठरवलं, की सराव पुरे, आता खरी मोहीम. फ्लेमिंगो.

फ्लेमिंगोंची माहिती आम्हाला आधीपासून होती, कारण पनवेल सोडून नवी मुंबईच्या दिशेने गेलं की ते ठिकठिकाणी उभे असतात. चौकात, उद्यानात, भिंतींवर, उड्डाणपुलाच्या खांबांवर. सिमेंटचे, पत्र्याचे आणि रंगाचे. नवी मुंबईने स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवून घेतलंय. खरं म्हणजे या पक्ष्यांचं शहर कच्छच्या मोठ्या रणात आहे. ते तिथे चिखलाची बुटकी घरटी बांधतात, पिल्लं वाढवतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९४५ साली तिथे जाऊन लाखांच्या हिशेबात पक्षी पाहिले होते. आमच्याकडे ते येतात जेवायला. ज्याचं घरदार दुसरीकडे आहे आणि जो फक्त जेवायला येतो, त्याचे पुतळे उभारायचे, हा पाहुणचार कोकणातच होऊ शकतो.

त्यांच्या जेवणाचं मोठं ताट म्हणजे ठाण्याची खाडी. तिथे २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, सुमारे १,६९० हेक्टरांचं, आणि २०२२ मध्ये ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर हे तिसरं. ऐरोलीहून वन खात्याच्या बोटीने ते बघता येतं. पण बोट म्हटल्यावर ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना आधीच मळमळायला लागलं. म्हणून सीवूड्सजवळचं डीपीएस तळं ठरलं. शाळेच्या मागे, पामबीच रोडला लागून, सुमारे ३० एकरांचं खाऱ्या पाण्याचं तळं. सपाट काठ. चढ शून्य. पनवेलहून लोकल थेट, आणि गाडी इथूनच सुटत असल्यामुळे बसायला जागा. पनवेलकराला आयुष्यात मिळणारा हा एकमेव जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो आम्ही खिडक्यांसकट बजावतो.

वेळ ठरवताना मतभेद झाले. पक्ष्यांचं थोडंफार कळणाऱ्या एका तरुणाने लिहिलं, की आधी भरती-ओहोटी बघूया. त्याच्या मेसेजवर कुणी अंगठासुद्धा उमटवला नाही. ॲडमिन दादांनी जाहीर केलं, "सर्वांनी नाश्ता करून साडेनऊला पनवेल स्टेशनवर भेटणे." तिथे पोचल्यावर कळलं, की आज निसर्गाच्या कार्यक्रमासाठी खास टी-शर्ट आहेत. गडद गुलाबी. पाठीवर 'शांतता राखा, पक्षी वाचवा'. पक्षी बघायला जाताना मळकट, झाडामातीत मिसळणारे कपडे घालावेत, असं त्या तरुणाने पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं. "अरे, त्यांच्याच रंगाचे आहेत. त्यांना घरचं वाटेल," वहिनी म्हणाल्या. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर. डब्यातले प्रवासी आम्हाला कुठल्याशा आजाराविरुद्धची जनजागृती समजून आदराने जागा करून देत होते.

तळ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. समोर तळं होतं, आभाळ होतं, पलीकडे तिवरांची हिरवी भिंत होती. फ्लेमिंगो नव्हते. एकही नाही. ॲडमिन दादांनी पाण्याकडे असं पाहिलं, जणू मंगल कार्यालय आगाऊ पैसे घेऊन बंद निघालं.

"रविवारी सुट्टी असेल," काका म्हणाले.

रस्त्याच्या कडेला एक मावशी चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. आमच्या गुलाबी घोळक्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनाच राहवलं नाही.

"लाल पाखरां बगाला आलाव?"

"हो ना मावशी. कुठे गेली?"

"आज सातम हाय. साताची पाऊनकी काय?"

पाढ्यांच्या बाबतीत बँकेतून निवृत्त झालेल्या काकांवर आमची भिस्त होती. त्यांनी मोबाइल काढला. तोवर मावशींनीच सांगून टाकलं, "सव्वापाच. सव्वापाचला भरती. आता ओटी लागली हाय, पाखरां तिकडं खाडीच्या चिखलान चरतात. पानी चरला का हिकडं येतील. त्यान् आज भांगाचा पानी, थोरीच येतील. चिंबोऱ्या देऊ?"

हे गणित किनाऱ्यावरच्या माणसांना पाठ असतं. तिथीला पाऊणने गुणायचं, की मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो आणि भरतीला स्वतःबरोबर घेऊन येतो, म्हणून हा पाऊण. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी बांधापर्यंत. सप्तमी-अष्टमीला भांग, पाणी अर्ध्यातच मागे फिरणार. ओहोटीला खाडीतले चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि फ्लेमिंगो तिथे जेवतात. भरतीला ते पट्टे बुडाले की उंच पायांच्या या पक्ष्यांनाही उभं राहायला जागा उरत नाही. मग ते आतल्या उथळ तळ्यांवर येतात. डीपीएसचं तळं, चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, उरणकडचं पाणजे ही त्यांची भरतीतली बसायची ठिकाणं. हा सगळा व्यवहार तिथीवर चालतो. आमच्यातल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यावरून दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीखही आम्ही अचूक सांगू. सप्तमी तिथेच छापलेली होती.

आता प्रश्न होता पाच-सहा तासांचा. इथे ग्रुपची फाळणी झाली. सीवूड्स स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. ज्यांना निसर्गाची ओढ जास्त होती ते म्हणाले, "आम्ही जरा सावलीत बसून येतो," आणि गेले. उरलेल्यांमध्ये तो तरुण, बँकेचे काका, वहिनी, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि थालीपिठांच्या डब्याची जबाबदारी असलेल्या एक काकू, ज्यांना डबा संपेपर्यंत हलता येत नव्हतं.

आणि इथून खरा ट्रेक सुरू झाला. पायांना काही नव्हतंच. तळ्याकाठची वाट एखाद्या तान्ह्या मुलानेही रांगत पार केली असती. अवघड होतं ते थांबणं. पहिल्या पाच मिनिटांत काकांनी बसायला जागा शोधली, ती झटकली, रुमाल अंथरला, उठले, रुमाल घडी केला आणि म्हणाले, "बरं, मग काय?" दहाव्या मिनिटाला पेन्शनचा विषय निघाला. तरुणाने ओठांवर बोट ठेवलं. काकांनी आवाज खाली आणून पेन्शनचा विषय पुढे चालू ठेवला. मराठी माणसाची कुजबुज समोरच्या काठापर्यंत जाते. देवळात, नाट्यगृहात आणि शोकसभेत तिची नीट तालीम झालेली असते. पाण्यातली शेकाट्यांची रांग उठली आणि वीस फूट पलीकडे जाऊन बसली. काका तिकडे वळले आणि तेही वीस फूट सरकले.

दुर्बीण एकच होती, तरुणाची, आणि तिचा पट्टा त्याच्या गळ्यात. तो पट्टा काढून देईना, न जाणो हातातून पडली तर! त्यामुळे ज्याला बघायचं असेल त्याने त्याच्या गालाला गाल लावायचा. काकू म्हणाल्या, "मला आहे तसं दिसतंय." काकांनी मात्र गाल लावून बराच वेळ पाहिलं आणि समोरच्या इमारतीतल्या एका घराच्या पडद्यांची माहिती दिली.

शेजारी दोन छायाचित्रकार होते. तोफेएवढ्या भिंगांचे कॅमेरे, तिवया, आणि अंगावर जंगलात लपण्यासाठीचे हिरवे-खाकी ठिपक्यांचे कपडे. मागून पामबीच रोडवरच्या गाड्या सुसाट जात होत्या. अशा पोशाखात रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस फक्त गाडीवाल्यांना दिसत नाही. पक्ष्यांना तो चांगला दिसतो. पण बोलत नव्हते बिचारे. एकमेकांशीसुद्धा नाही. काकांनी त्यातल्या एकाला कॅमेऱ्याची किंमत विचारली. त्याने ती सांगितल्यावर मात्र काका खरोखर गप्प झाले. जवळजवळ सात मिनिटं.

त्या सात मिनिटांत तळ्याने बरंच काही दाखवलं. लांब लालसर पायांचे शेकाटे परत आले. चिखलाच्या कडेने तुतवार शेपटी खालीवर करत धावले. वरून दलदलीवरचा एक शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीच्या आकारात धरून तरंगत गेला आणि पाण्यावरची बदकं एकदम एका बाजूला झाली. वहिनींनी मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज ओळखणारं ॲप लावलं होतं. त्याने वहिनींचंच हसणं ऐकून कुठलासा पक्षी सुचवला. कुठला, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. आणि मुलगी? ती आभाळाकडे बघतच नव्हती. काठाशी उकिडवी बसून ती चिखलाकडे टक लावून होती.

"पक्षी बघ ना गं, चिखलात काय बघतेस?"

"आई, मासा चालतोय."

निवटी होती. डोक्यावर बटाट्यासारखे डोळे, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकणारा मासा. अंग ओलं असेपर्यंत त्याला कातडीतूनही हवा घेता येते, म्हणून पाणी ओसरल्यावर तो बाहेर फिरायला निघतो. त्याच्या आजूबाजूला बोटाच्या पेराएवढे खेकडे, ज्यांच्या नरांची एक नांगी सगळ्या देहाएवढी मोठी. ती हलवून ते माद्यांना बोलावतात, आणि दुसरा नर आला की त्याच्यावर उगारतात. एवढ्या वेळात तिने आठ निवट्या आणि त्यांची भांडणं ओळखून ठेवली होती. सगळ्या ग्रुपमध्ये काहीही न बोलता बसू शकणारी ती एकटीच. मावशींनी लांबून सांगितलं, निवट्या आमसुलात चांगल्या लागतात. मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मावशींनी चिंबोऱ्यांवर ओलं फडकं टाकलं.

नुसतं बसून बघण्याचा रायगड जिल्ह्यातला सर्वांत मोठा पराक्रम किहीमचा. सालिम अली १९३० साली जर्मनीहून शिकून परत आले, तर मुंबईत नोकरी नव्हती. भाडं परवडेना म्हणून ते पत्नीसह किहीमला राहायला आले, आणि तिथे सुगरणींची वसाहत बघत तासन्‌तास बसले. त्यातून कळलं, की सुगरण नर अर्धवट घरटं बांधून मादीची पसंती घेतो, ती मिळाली की घरटं पुरं करतो, आणि मग शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरं बांधायला घेतो. त्या निरीक्षणाने त्यांचं नाव झालं. मी हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "नोकरी नव्हती म्हणून बसू शकले." मग डबा उघडत त्यांनी विचारलं, "पण बायकोने बसू दिलं, हे कुणी लिहिलंय का?" थालीपीठ गरम नव्हतं, तरी वादाला जागा नव्हती.

या तळ्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्याला फार काही लागत नाही. खाडीचं पाणी भरतीला आत यायला हवं आणि ओहोटीला बाहेर जायला हवं. एवढाच त्याचा संसार. २०२४च्या उन्हाळ्यात पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या आणि तळं कोरडं पडलं. फ्लेमिंगो भरकटून रस्त्यावर उतरले, काही मेले. त्याआधी जवळच्याच एका दिशादर्शक फलकाला धडकून काही पक्षी गेले होते, मग तो फलक काढावा लागला. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाची थव्याला धडक बसली आणि ३९ फ्लेमिंगो मेले. लोक ओरडले, पक्षीप्रेमी कोर्टकचेऱ्यांत गेले, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. मान्यता चांगलीच आहे. पण ओहोटीला कागद वाचता येत नाही. तिला मोरी मोकळी लागते. आता आमच्या पनवेल तालुक्यातच नवा विमानतळ उभा आहे. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदी वळवली गेली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि त्या नाताळापासून विमानं उडायला लागली. आजूबाजूच्या पाणथळी बुजवल्या तर पक्षी निघून जातील, असं काहींना वाटतं. ते निघून जात नाहीत. भरतीच्या वेळी उभं राहायला जागा शोधत आभाळात फिरत बसतात, आणि विमानाला हवं असतं तेच आभाळ. साधं गणित आहे, पाऊणकीपेक्षा सोपं.

साडेतीनच्या सुमाराला काठाजवळचा चिखल ओला दिसायला लागला. निवट्या वर सरकल्या. मुलगी म्हणाली, "पाणी आलं," आणि खरंच आलं होतं, आवाज न करता. चार वाजून गेल्यावर तिवरांच्या भिंतीवरून एक लांबच लांब रेघ उठली. लांब माना पुढे, लांब पाय मागे, मध्ये काळे-गुलाबी पंख. पाच-पन्नास असतील. मावशींच्या हिशेबाप्रमाणे थोडेच. उतरताना पाण्यावरून दोन-चार पावलं धावले, पंख मिटले, आणि लगेच डोकी उलटी करून चोची पाण्यात घातल्या. फ्लेमिंगो असाच जेवतो, वरची चोच खाली करून, पाणी गाळत. त्यातून शेवाळ आणि बारीक जीव पोटात जातात, त्यातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं आणि जन्मतः राखाडी असलेला पक्षी गुलाबी होतो.

"म्हणजे जे खाईल तो रंग?" काकांनी विचारलं. त्यांनी आयुष्यभर सकाळी पोहे खाल्ले आहेत. ते थोडा वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

बोललं कुणीच नाही. पाचेक मिनिटं तरी. मग मॉलमधली मंडळी आइस्क्रीम खात, हाका मारत आली. "आले का? आले का?" थवा तळ्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात सरकला. मंडळींनी पाण्याकडे पाठ केली आणि फोटो काढले. फोटोत आठ गुलाबी टी-शर्ट स्पष्ट आहेत; मागे एक फिकट रेघ आहे, ती थवा आहे असं आम्ही सांगतो. ॲडमिन दादांनी हातातली फरसाणची पुडी उघडली आणि कुरवांकडे एक मूठ भिरकावली. पण यावेळी त्यांना अडवलं ते बँकेच्या काकांनी. "अहो, ते लडाखहून आलेत. त्यांना परत जायचंय. हे खाऊन काय जातील?" त्यांचा स्वतःचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट गुरुवारीच आला होता. पुडी मिटली.

परतीच्या गाडीत, नेरुळच्या दिशेला जाणाऱ्या गर्दीच्या उलट, आम्हाला पुन्हा बसायला मिळालं. मुलगी निवट्यांची नावं ठरवत होती. काका अचानक ताठ बसले. पाऊणकी त्यांच्या डोक्यात शिरली होती. बँकेचा माणूस, व्याजाचा नवा दर मिळाल्यासारखा तो बोटांवर हिशेब करत होता. "आज सप्तमी. पुढच्या रविवारी चतुर्दशी. चौदाची पाऊणकी साडेदहा. म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती, आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी, म्हणजे उधाणाचं पाणी. हजारांनी येतील!"

ॲडमिन दादांचा चेहरा उजळला. "साडेदहा? मग आपण साडेआठला निघालो तरी चालेल."

"हो."

"म्हणजे नाश्ता करून निघता येईल."

गाडीने बेलापूर सोडलं तोवर ग्रुपवर मतदान सुरू झालं होतं: पोहे की उपमा. मानसरोवरपर्यंत उपमा पुढे होता. आणि काका, पोह्यांना दिलेलं आपलं मत मागे कसं घ्यायचं, ते सगळ्यांना विचारत होते.